हाताची कातडी गालात कशी जगते?

प्रश्न : माझे सासरे (वय ६१) द्राक्षबागायतदार आहेत. त्यांच्या गालाच्या आतील कर्करोगाचे ऑपरेशन ठरले असून, गाठ काढल्यावर डाव्या मनगटाजवळची कातडी गालात बसवणार असल्याचे सांगलीतील डॉक्टरांनी सांगितले. गावातील एकांना मात्र छातीचे मांस लावले होते. मग यांना हाताचे का? तो तुकडा जगतो कसा? पुढे हाताने छाटणी जमेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : डॉगरिजच्या (द्राक्षाच्या कलमासाठी लावतात त्या वेलीच्या) खुंटावर भरलेली, म्हणजे कलम केलेली काडी खुंटाच्या जिवावर तग धरते, हे आपल्या घरात सांगायला नको. नुसती पातळ कातडीही अशीच खालच्या मांसावर जगते. परंतु गाठीबरोबर भोवतालचा निरोगी भागही काढावा लागत असल्याने गालात मोठी पोकळी पडते आणि ती भरणाऱ्या जाड तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात.

छातीचा फ्लॅप मूळ रक्तवाहिनीला जोडलेला ठेवूनच मानेतून वर वळवतात. तो भरवशाचा, पण जाड असतो (छातीवरचे केस तोंडात उगवल्याची तक्रारही ऐकू येते). हाताची कातडी पातळ असल्याने गालाच्या अस्तराशी अधिक जुळते. मात्र तिची धमनी व शीर तोडून, मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवावी लागते. पंज्याला दुसरी धमनी पुरेसे रक्त देते ना, हे आधी तपासतात. मनगटावर बहुधा मांडीची पातळ कातडी लावतात. पकड सहसा टिकते, अंगठ्याजवळ थोडी बधिरता राहू शकते. तेव्हा व्यायामानंतर छाटणी जमायला हरकत नसावी.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन दिवसांची. परिचारिका तासातासाला टॉर्च लावून फ्लॅपचा रंग पाहतात. तो जांभळा पडला तर रक्त परत जाण्याची वाट तुंबलेली असते. पांढराफटक व गार पडला तर रक्त येणेच थांबलेले असते. अशा वेळी रुग्णाला तातडीने पुन्हा थिएटरमध्ये नेतात, त्यावरून कर्करोग उलटला असे समजून घाबरू नये. लवकर नेल्यास बरेच फ्लॅप वाचतात.

तंबाखू आणि मिश्री आजच बंद करा, कारण निकोटीनने वाहिन्या आकसतात. शिवाय ऑपरेशनपूर्वी कातडी घेणार त्या डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइनही लावू देऊ नका; डॉक्टरांना विचारून मनगटावर पेनाने ठळक लिहून ठेवा, ‘इथे सुई नको’.