पी०७०५ आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

हा फॉल्ट कोड (स्कॅनरवर P0705) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या रेंज स्विचच्या, म्हणजे लिव्हरची जागा ओळखणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा आहे. लिव्हर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल) की डीमध्ये (ड्राइव्ह) आहे, हे गाडीच्या कंट्रोल युनिटला (कॉम्प्युटरला) नीट कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्विचच गेलाय असं तो सांगत नाही.

हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. इंजिन बंद, इग्निशन चालू. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरची त्या क्षणाची माहिती) लावून लिव्हर सावकाश फिरवा. सगळ्याच जागा थोड्या सरकलेल्या दिसल्या, किंवा गाडी पीमध्ये स्टार्ट न होता एनमध्ये होत असली, तर आधी सिलेक्टर केबलचं (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलचं) अ‍ॅडजस्टमेंट तपासा. एकच जागा गायब असेल तर स्विच किंवा त्या जागेची वायर.

मग स्विचचा कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट गंज किंवा तेल बहुतेकदा इथेच सापडतं, कारण स्विच गिअरबॉक्सच्या अंगावर, पाण्या-चिखलात असतो. सप्लायच्या पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज हवा (काही गाड्यांत ५ व्होल्ट, वायरिंग डायग्राम बघाच). अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप (वायरमध्ये वाया जाणारा व्होल्टेज) ०.१ व्होल्टच्या आत हवा. मोजताना वायरिंग हलवत राहा. आकडा उडाला की तुटकी वायर तिथेच.

नवा स्विच बसवताना लिव्हर एनमध्ये ठेवून स्विचवरच्या न्यूट्रलच्या खुणा जुळवा, मगच बोल्ट आवळा. ही खूण चुकली तर नव्या स्विचवरही तोच कोड येतो.