लोहगावचा टॉवर मध्येच गप्प का होतो?

तुम्ही प्रवासी विमानांच्या वैमानिकांनी तीन गोष्टी विचारल्यात: पुण्यात, म्हणजे लोहगावला, उतरताना टॉवर मध्येच गप्प का होतो, फायटरवाले इतकं तुटक का बोलतात, आणि फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत सरळ उतरताना, ‘थ्री ग्रीन्स’ (चाकं खाली आल्याचे तीन हिरवे दिवे) कशाला सांगायचं. मी हवाई दलाच्या एटीसीत, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणात, होतो, त्यातली काही वर्षं लोहगावला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉवर गप्प नसतो. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे, आणि प्रवासी विमानं उतरवणारा कंट्रोलरही हवाई दलाचाच. (गोव्यात दाबोळीला हेच काम नौदल करतं.) तुमचा रेडिओ व्हीएचएफ, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. लढाऊ विमानांचं बोलणं मुख्यतः यूएचएफ या वरच्या पट्ट्यात, २२५ ते ४०० मेगाहर्ट्झवर. कंट्रोलरच्या कानात दोन्ही येतं, तुमच्या कानात निम्मंच. तुम्हाला जी शांतता वाटते, त्या वेळी तो बहुधा तुमच्या पुढच्या सुखोईशी बोलत असतो. नवे वैमानिक उत्तर आलं नाही की लगेच दुसरी हाक मारतात, आणि ती नेमकी त्या बोलण्यावर आदळते. मनात दहा आकडे मोजा, मग बोला.

तुटकपणाचं म्हणाल तर नागरी रेडिओवर एकमेकांना कधी न भेटलेली माणसं बोलतात. उच्चार वेगळे, सवयी वेगळ्या. म्हणून ठरलेले शब्द, आणि उंची, दिशा, धावपट्टी असं सगळं परत म्हणून दाखवायचं. तेवढ्यानेही भागत नाही कधीकधी. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. कझाक विमानाने १५,००० फुटांवर राहायचं होतं, समोरून सौदी विमान १४,००० वर येत होतं. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा ऑपरेटर वेगळा होता आणि विमान दुसऱ्यांच्या हातात होतं. ते १५,००० च्या खाली उतरलं. त्या अपघाताबद्दल वाचताना आजही मला त्या ऑपरेटरची जागा डोळ्यांपुढे येते.

फायटरचं उलट असतं. चार विमानांचे वैमानिक उड्डाणाआधी एका खोलीत बसून सगळं ठरवून आलेले असतात. मग रेडिओवर लीडर आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, म्हणतो आणि मास्कमधल्या श्वासासकट मागून येतं: “टू.” “थ्री.” “फोर.” झाली हजेरी. फ्रिक्वेन्सीचे आकडेही बरेचदा कोणी म्हणत नाही, चॅनेल नंबर सांगितला की पुरे. टॉवर बोलतो तो फक्त लीडरशी. तो “इनिशियल” म्हणाला की चौघं धावपट्टीच्या रेषेत येतायत, डोक्यावरून जाऊन काही सेकंदांच्या अंतराने एकेक करून वळणार, हे कंट्रोलरला कळतं. हे नागरी बोलण्यापेक्षा ढिलं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. जे बोलायचं ते जमिनीवर बोलून झालेलं असतं, एवढंच.

आणि हेच लष्करी कंट्रोलर एका ठिकाणी अखंड बोलतात. पीएआर, म्हणजे अचूक रडारवर विमानाला शब्दांनी खाली आणणं. ढग खाली आलेले, वैमानिकाला काही दिसत नाही. कंट्रोलर आधी बजावतो की यापुढे उत्तर देऊ नका, आणि मग सुरू होतो: किंचित डावीकडे आहात, उजवीकडे दोन अंश, ग्लाइडपाथवर (उतरण्याच्या ठरलेल्या तिरक्या रेषेवर), मध्यरेषेवर, ग्लाइडपाथच्या जरा वर... दोन वाक्यांत पाच सेकंदांच्या वर खंड पडू द्यायचा नाही, कारण आवाज थांबला की वैमानिकाने संपर्क तुटला असं धरून वर निघून जायचं असतं. इथे रीडबॅक, म्हणजे परत म्हणून दाखवणं, नाही; विमान रडारवर सरकलं हेच उत्तर. मला या कामाइतकं दुसरं कुठलंच आवडलं नाही. पाळी संपली की घसा कोरडा पडलेला असायचा.

राहिले थ्री ग्रीन्स. फायटरमध्ये बरेचदा माणूस एकटा, त्यात एकामागून एक सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारत असतो. चाकं विसरण्याची भीती खरी असते, म्हणून टॉवरने शेवटची आठवण करून द्यायची पद्धत बऱ्याच देशांच्या लष्करांत आहे. तुमच्याकडे दुसरा वैमानिक आहे, चेकलिस्ट आहे, तरी त्या धावपट्टीवर सगळ्यांना तोच प्रश्न येतो. उत्तर देताना सवयीने बोलून टाकू नका. नाकाचा एक, पंखाखालचे दोन, असे तिन्ही हिरवे दिवे बघा आणि मग बटण दाबा.