पहिल्याच हिवाळ्यात मुलगा ‘परत येतो’ म्हणाला, तर

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका आईचा. मुलगा गोव्यातच मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून ऑक्टोबरात जर्मनीला एम.एस.साठी गेला. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल, नाताळानंतर आठवड्यातून एकदा, मग नुसते मेसेज. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याने लिहिलं, ‘आई, मला हे झेपत नाही. मी परत येतो.’ शैक्षणिक कर्ज काढलेलं, वडिलांची निवृत्ती दोन वर्षांवर, वाड्यावर सगळ्यांना मुलगा कुठे आहे ते ठाऊक. ‘बोलावून घेऊ की थांब म्हणू?’ एवढाच सल्ला आईला माझ्याकडून हवा होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न जानेवारी ते मार्च या काळात हमखास येतो, कारण तिथल्या पहिल्या परीक्षा, कडाक्याची थंडी आणि संपत आलेले पैसे एकाच वेळी अंगावर येतात. ‘परत येतो’ म्हणणाऱ्या मुलाची सगळी दुखणी त्या एका वाक्यात गुंडाळलेली असतात. ती सुटी करून पाहिल्याशिवाय ‘ये’ किंवा ‘थांब’ म्हणू नये. निर्णयाची तारीख ठरवावी आणि तोवर एकेक गोष्ट तपासावी. या मुलाच्या बाबतीत ती तारीख ठरली 31 मार्च, कारण त्या दिवशी हिवाळी सत्र संपतं.

पहिलं बोलणं मुलाशी एकट्याशी, आईवडील समोर नसताना. सुरुवातीलाच सरळ विचारायचं: जगणं नको वाटतं का? जीव देण्याचे विचार येतात का? असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती पालकांनी काढून टाकावी. उलट विचारल्यावर मुलं सुटकेचा श्वास टाकतात. उत्तर ‘हो’ असतं, तर बाकी सगळं बाजूला राहिलं असतं: तिथला आपत्कालीन क्रमांक 112, जवळचं इस्पितळ, आणि आईवडिलांपैकी एकाचं तिकीट. इथे उत्तर ‘नाही’ होतं. पण झोप पार उलटी झाली होती. आईला रोज सकाळी साडेआठला ‘गुड मॉर्निंग’ यायचं आणि मुलगा वेळेवर उठतो म्हणून ती निर्धास्त होती. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे तो मेसेज पहाटे चारचा होता, मुलगा तोवर झोपलेलाच नसे. मग दुपारी दोनला उठायचं आणि चार-साडेचारला अंधार. डिसेंबर-जानेवारीत तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. ऊन जवळपास दिसलंच नाही तर मन खचायला वेगळं कारण लागत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात अभ्यासाबद्दल काहीच सांगितलं नाही. उठायची वेळ रोज एक तास अलीकडे आणायची, दहाच्या आत घराबाहेर पडून अर्धा तास चालायचं, आभाळ भरलेलं असलं तरीही, आणि दिवसातून एकदा भात शिजवून जेवायचं. शेवटचं वाचून कुणाला हसू येईल, पण हा मुलगा महिनाभर पाव आणि चिप्सवर होता आणि आईने दिलेले उकडे तांदूळ कपाटात तसेच होते.

दुसरं काम पत्रांचं. जर्मनीत महत्त्वाचं सगळं अजूनही टपालाने येतं, आणि खचलेला मुलगा सगळ्यात आधी पाकिटं उघडायचं थांबवतो. त्याच्या टेबलावर नऊ पाकिटं पडलेली होती. व्हिडिओ कॉलवरच एकेक उघडायला लावलं, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करायचं आणि तीन गठ्ठे करायचे: पैसे भरायचे, उत्तर द्यायचं, नुसतं जपून ठेवायचं. चार जाहिराती निघाल्या. दोन पत्रं रेडिओ-टीव्ही शुल्काची होती. हे शुल्क घरामागे महिन्याला 18.36 युरो असतं, घरात टीव्ही असो वा नसो, आणि मुलांना ते फसवणुकीचं पत्र वाटतं. दोन पत्रं आरोग्य विम्याच्या थकबाकीची. ही गंभीर. विद्यार्थी विम्याचे हप्ते थकले की विमा कंपनी विद्यापीठाला कळवते आणि पुढच्या सत्राची नोंदणी अडते. शेवटचं पत्र विद्यापीठाचं: उन्हाळी सत्रासाठी फेरनोंदणीचं शुल्क भरा. ती मुदत चुकली तर नाव कमी होतं, आणि नाव कमी झालं की विद्यार्थी म्हणून मिळालेला निवास परवानाही धोक्यात. मुदतीला पाच दिवस होते. शुल्क त्याच दिवशी भरलं, विम्याला फोन करून थकबाकीचे तीन हप्ते पाडून घेतले. त्या रात्री तो एक वाजताच झोपला, असं त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं.

आता परीक्षा. ‘मी इथे सगळ्यांत ढ आहे’ हे त्याचं वाक्य होतं. पाच विषयांना नाव नोंदवलेलं, पहिल्याच पेपरात 5.0 म्हणजे नापास (तिथे 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 पर्यंत पास), दुसऱ्या पेपराला तो गेलाच नाही. उरलेल्या तिन्हींना जायची हिंमत नव्हती. इथे माहिती नसल्याने मुलांचं केवढं नुकसान होतं! तिथल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत एका विषयाला ठरावीक संधी असतात, पुष्कळ ठिकाणी तीन. शेवटची संधी गेली की तो अभ्यासक्रमच बंद होतो. नाव मागे न घेता गैरहजर राहिलं की एक संधी वाया जाते. पण ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन नाव मागे घेतलं तर काही बिघडत नाही. आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला विनाविलंब परीक्षा कार्यालयात द्यावा लागतो, आठवड्याने नेलेला चालत नाही. मुदत किती, संधी किती, हे त्या त्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा नियमावलीत लिहिलेलं असतं. सीनियर सांगतो त्यावर विसंबू नये, त्याचा अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. या मुलाने तीनपैकी दोन विषयांतून नाव काढून घेतलं आणि एकाच विषयाची तयारी धरली.

नापास झालेल्या पेपराचं काय? तपासलेली उत्तरपत्रिका पाहायची सोय तिथे असते, ठरलेल्या दिवशी जाऊन पाहता येते. आपली मुलं लाजेने जात नाहीत. याला पाठवला. 90 मिनिटांचा पेपर, सहा प्रश्न, 90 गुण, पासला 45 लागतात आणि याला 39. पहिल्या दोन प्रश्नांत जवळजवळ पूर्ण गुण. पाचवा आणि सहावा कोरा. गणित येत होतं, वेळ पुरला नव्हता. पहिल्या प्रश्नावर पस्तीस मिनिटं घालवली हे त्याने स्वतःच ओळखलं, कारण इथल्या सवयीने सगळी व्युत्पत्ती मांडत बसला होता. ढ असण्याचा प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला. मी कितीही धीर दिला असता तरी त्या कोऱ्या दोन पानांनी केलं ते काम झालं नसतं.

इथे अंतर्गत गुण, असाइनमेंट, तोंडी परीक्षा असं सत्रभर थोडंथोडं जमत जातं. तिथे बऱ्याच विषयांत सगळा निकाल एका शेवटच्या पेपरावर. वर्गात हजेरी घेत नाहीत, कुणी विचारत नाही, आणि मुलाला वाटतं सगळं आलबेल आहे. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी प्रतिनिधींच्या मंडळाकडे मिळतात, त्या घड्याळ लावून सोडवाव्या. प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते. तिथे ‘सर, मला विषय समजत नाही’ म्हणून जाऊ नये. ‘चौथ्या सराव संचातल्या दुसऱ्या उदाहरणात ही सीमा-अट का घेतली?’ असं एक नेमकं विचारावं. असल्या प्रश्नाला उत्तर मिळतं आणि नावही लक्षात राहतं.

पैशांचं बोलणं सगळ्यांत शेवटी निघालं, पण मूळ तिथेच होतं. व्हिसासाठी जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि महिन्याला 992 हातात येतात. खोलीचं भाडं आणि विमा यांतच निम्म्याहून जास्त जातात. वडिलांकडे आणखी मागायचे नाहीत म्हणून त्याने गोदामात शुक्रवार-शनिवारची रात्रपाळी धरली. झोप तिथूनच उलटली. कायद्याने त्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं (मार्च 2024 पासून), म्हणजे बेकायदा काहीच नव्हतं. पण दोन रात्री जागल्यावर सोमवार-मंगळवार फुकट जातात. पहिल्या सत्रात रात्रपाळी घेऊ नये, हे मी प्रत्येक मुलाला ठामपणे सांगते. जानेवारी 2026 पासून तिथला किमान दर ताशी 13.90 युरो आहे, दिवसा आठवड्याला आठ-दहा तासही पुरतात. विद्यापीठातलंच विद्यार्थी सहायकाचं काम मिळालं तर ते त्या 140 दिवसांत धरत नाहीत आणि अभ्यासाला लागूनही असतं.

मग आईवडिलांशी बोलणं. वडील एकच म्हणत होते, ‘आम्ही त्याला कधी पैशांचं बोललो नाही.’ खरंच बोलले नव्हते. पण दर कॉलला ‘बँकेचा हप्ता गेला बरं का’ हे वाक्य असायचं. मुलाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. ठरलं ते असं: रविवारी दुपारी अडीचला कॉल, तिथे तेव्हा सकाळचे दहा. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांचा होतो, तेव्हा कॉल दीडला.) त्या कॉलमध्ये गुण, हप्ता, नोकरी यांतलं काही नाही. पैशांचं बोलणं महिन्यातून एकदा, वेगळं, वडिलांनी आकडे समोर ठेवून. आणि ‘जेवलास का?’ऐवजी ‘आज काय शिजवलंस, दाखव’. पहिल्याला ‘हो’ म्हणून सुटता येतं. वाड्यावर विचारणाऱ्यांसाठी एकच वाक्य ठरवलं, ‘परीक्षा चालू आहेत, बरा आहे’, आणि त्यापुढे कुणाला काही सांगायचं नाही, मामालासुद्धा.

बोलायला तिथेही माणसं हवीत. विद्यार्थी कल्याण संस्थेचं समुपदेशन तिथे मोफत असतं, पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतून मिळतं. मानसोपचारासाठी मात्र महिनोन्‌महिने थांबावं लागतं, त्यामुळे आधी फॅमिली डॉक्टर गाठावा. तो औषध आणि दाखला दोन्ही देऊ शकतो आणि विद्यार्थी विम्यात ते बसतं. इथल्या पालकांची झोप उडाली असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. या आईला स्वतःसाठी दोन वेळा जावं लागलं.

31 मार्चला मुलाने एक विषय 3.3 ने सोडवलेला होता. त्याने थांबायचं ठरवलं. पुढच्या सत्रात पाचऐवजी तीन विषय, रात्रपाळी बंद. पदवीला एक सत्र जास्त लागेल हे वडिलांनी आधीच हिशोबात धरलं, कारण निवास परवाना वाढवताना पुढच्या वर्षाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. पुष्कळ घरं फक्त पहिल्या वर्षाची तजवीज करतात आणि तिथे अडकतात. सप्टेंबरपर्यंत दोन विषय सुटले, एक राहिला.

प्रत्येकाने थांबावं असं मुळीच नाही. शेवटची संधी गेली असेल, औषध चालू असूनही मुलगा उठत नसेल, किंवा विषयच नको झाला असेल, तर परत येणं योग्य. पण नुसती बॅग भरून निघू नये. सुटलेल्या विषयांची गुणपत्रिका विद्यापीठाकडून घ्यावी, मग नाव कमी करावं. खोली सोडण्याची सूचना किती आधी द्यायची ते करारात पाहावं, तीन महिनेही असू शकते. विमा आणि शहराची रहिवासी नोंद रद्द करावी. ब्लॉक्ड अकाउंटमधली शिल्लक सोडवायला अधिकृत परवानगीचा कागद लागतो, तो नेमका कोणता हे बँकेला लेखी विचारावं. साधं खातं सगळ्यात शेवटी बंद करावं, कारण खोलीची अनामत रक्कम त्यातच परत येते. इथल्या बँकेलाही आधी सांगावं. कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, शिक्षण मध्येच सुटलं तर ती सवलत आधी संपते. एखादं सत्र रजा घेण्याचा मार्गही असतो, पण तो धरण्याआधी परवान्यावर काय परिणाम होईल ते तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं.

यंदा चवथ आटोपून निघणाऱ्यांनी सामान भरताना एवढं पाहावं: तूप, पेढे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, टपालानेही पाठवता येत नाहीत. सोलां (आमसुलं), उकडे तांदूळ, मसाले चालतात, सुकी मासळीही चालते. आणि अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली निघण्याआधीच उतरवून घ्यावी, संधी आणि मुदतीची कलमं इथे घरी बसून आईवडिलांसोबत वाचावी.