मुंबईत पुरातत्त्वाच्या गटाबरोबर काम करायचंय, पण पदवी नाही आणि रविवारच मोकळा असतो. उपयोग होईल का? खोदायला मिळेल का?

उपयोग नक्की होईल. रविवारच मोकळा असतो म्हणालात, तर तेवढाही पुरतो. खोदकामाची आशा मात्र सोडा. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, त्यामुळे हौशी गटांचं काम म्हणजे सर्वेक्षण: जमिनीवर जे दिसतं ते शोधायचं आणि नीट नोंदवायचं. मुंबईला आज त्याचीच जास्त गरज आहे.

कान्हेरी, महाकाली, मंडपेश्वर ही लेणी संरक्षित आहेत. खरा धोका आहे तो गावठाणांतल्या सुट्या दगडांना. शिलाहार राजांच्या काळातली एखादी गधेगाळ, म्हणजे दानाचा लेख कोरलेली शिळा, देवळामागे उभी असते. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली. लोक तिला देव मानून शेंदूर लावतात. मग जीर्णोद्धार निघतो, फरशी बसते आणि अर्धा लेख सिमेंटखाली जातो. आधी कुणी नोंद केली असेल तरच तो वाचायला उरतो.

नोंद करायची म्हणजे काय, तर दगडाची उंची, रुंदी, जाडी मोजायची, मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढायचे, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहायचे. झिजलेल्या अक्षरांसाठी सावलीत किंवा तिन्हीसांजेला टॉर्च अगदी दगडाला लागून आडवा धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या जागेवर काना, वेलांटी सावलीने उठून दिसू लागते. ते पाहताना मला आजही भरून येतं. अक्षरांत खडू भरू नका आणि शेंदूर तर अजिबात खरवडू नका. त्या लोकांचा तो देव आहे, आधी पुजाऱ्यांना विचारा.

विचारणं हे तर अर्धं काम आहे. ‘आजी, हा दगड आधीपासून इथंच होता का?’ एवढं विचारलं तरी तो कुठल्या विहिरीच्या खोदाईत निघाला, कुणी हलवला, ते कळतं. तुम्हाला आगरी किंवा कोळी बोली येत असेल, तर गटात पदवीवाल्यांइतकीच तुमची गरज आहे.

खापराचा तुकडा दिसला तरी खिशात घालायचा नाही. फोटो काढा, जागा लिहा आणि गटप्रमुखांना दाखवा. जागेची नोंद नसेल तर अभ्यासकाला त्यातून फार काही सांगता येत नाही.

सुरुवातीला विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातला प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आणि मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग इथे चौकशी करा. साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत ते, त्याच्या सर्वेक्षणात दोघांचाही सहभाग होता. तोवर बोरिवलीला एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, पाहून या. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे, तिथे तासभर तरी द्या. फिरतीला पावसाळा संपून गवत वाळलं की निघायचं, कारण हिरव्या गवतात दगडही दिसत नाहीत आणि सापही.