दर हंगामानंतर पुन्हा पहिला धडा

'ताई, मी ३८ वर्षांचा असून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. कॉलेजात असल्यापासून गिटार शिकण्याची इच्छा होती. तीन वर्षांपूर्वी आठ हजारांची गिटार घेतली. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मी बरा सराव करतो, पण फेब्रुवारीत सौद्यांची गर्दी सुरू झाली की मे संपेपर्यंत गिटारला हात लागत नाही. मग जूनमध्ये पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. यंदाची ही तिसरी वेळ आहे. पत्नी म्हणते, "पुन्हा पहिलीत नाव घातलं वाटतं!" आबा, म्हणजे माझे वडील, हरिपूरच्या भजनात चाळीस वर्षे टाळ वाजवत आले, ते म्हणतात, "ती टणटण निदान लयीत तरी कर." महापुरात खालचे घर बुडाले तेव्हापासून मोलाची वस्तू माळ्यावर ठेवण्याची आमची रीत आहे, त्यामुळे गिटारही बॅगेत घालून माळ्यावर असते. एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) अजून वाजत नाही, एकही गाणे पूर्ण येत नाही, रात्री व्हिडिओ मात्र तासभर पाहतो. मी आरंभशूर आहे का? गिटार विकून टाकावी का?'
— एक हौशी वादक, गावभाग, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आरंभशूर नाही. आरंभशूर माणूस गाजावाजा करून सुरुवात करतो आणि पंधरा दिवसांनी त्याला दुसरेच काहीतरी खुणावू लागते. तुम्ही तर तीन वेळा त्याच वाद्याकडे, त्याच एफ कॉर्डकडे आणि घरच्यांच्या त्याच टोमण्यांकडे परत आला आहात. चिकाटी यापेक्षा वेगळी कशी असते, हे मला ठाऊक नाही. मात्र तुमच्या पत्रात मला एक हिशेबाची चूक दिसते, आणि ती एका दिवाणजीकडून व्हावी याचे मला थोडे हसूही आले.

दुकानात ३१ मार्चला तुमचे साल संपते आणि नवी वही उघडताना तुम्ही पहिल्या ओळीत मागची शिल्लक पुढे ओढता. मागच्या सालची सगळी येणी शून्य धरून नवे पान सुरू करणारा दिवाणजी कोणत्याही मालकाकडे आठवडाभर टिकणार नाही. गिटारच्या वहीत मात्र तुम्ही दर जूनला नेमके हेच करता. चार महिने हात लागला नाही म्हणजे सगळे गेले, असे धरून पुन्हा पहिला धडा, पुन्हा सहा तारांची नावे, पुन्हा ई मायनर. खरे पाहता चार महिन्यांत जाते ते थोडेच. डाव्या हाताच्या बोटांवर तारांनी पडलेले घट्टे मऊ होतात, कॉर्ड बदलण्याचा वेग मंदावतो आणि मनगट लवकर थकते. पण जी, सी, डी यांचे आकार बोटे सहसा विसरत नाहीत. घट्टे परत यायला दोनतीन आठवडे लागतात, तेवढे दिवस बोटे दुखतात, आणि त्या दुखण्यालाच 'आपल्याला काहीच येत नाही' असे नाव देऊन तुम्ही मागे फिरता. पहिला धडा तिसऱ्यांदा गिरवणाऱ्या माणसाला कंटाळा येणारच. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. तेव्हा यंदा फेब्रुवारीत जिथे थांबला होता, त्याच पानापासून सुरुवात करा. पहिले काही दिवस सगळे खडखडीत वाजेल. वाजू द्या.

आता माळ्याबद्दल. महापुराने सांगलीकरांना लावलेली ही सवय मी समजू शकते, आणि गावभागात राहणाऱ्या माणसाला त्याबद्दल चार शब्द सुनावण्याचा अधिकार मला नाही. पण शिडी लावायची, बॅग उतरवायची, चेन उघडायची, सूर लावायचा आणि शेवटी हे सगळे उलट क्रमाने करायचे, एवढा खटाटोप ज्या वस्तूसाठी करावा लागतो ती वस्तू दिवसभर यार्डात उभा राहिलेला माणूस रात्री हातात घेणार नाही. याला आपण उत्साहाचा अभाव म्हणतो. बहुतेक वेळा तो शिडीचा त्रास असतो. बसण्याच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला एक भक्कम खुंटी मारून घ्या आणि तिला कापड गुंडाळून गिटार तिथे टांगा. ओल येणारी भिंत मात्र टाळा. नदीच्या पाण्याची बातमी येऊ लागली की गिटार पुन्हा माळ्यावर चढवा. उरलेले दिवस ती येताजाता दिसली पाहिजे.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि शिकवणारे तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. तुमची गिटार वाजवण्याजोगी आहे का, हे तुम्ही एकदा तरी तपासून घेतले आहे का? गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट; त्यातल्या बाराव्या फ्रेटवर तार आणि पट्टी यांत किती अंतर आहे, ते बारीक मोजपट्टीने मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पातळ तारेखाली दोनच्या आसपास अंतर असेल, तर ठीक आहे. ते तीनच्या वर गेले असेल, तर तार दाबायला लागणारा जोर एवढा वाढतो की चांगल्या वादकाचीही बोटे तक्रार करतील. पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून फुगते, पुढची फळी किंचित वर उचलली जाते आणि तारा आणखी उंच होतात. म्हणजे तुम्ही दर वर्षी ज्या महिन्यात नव्याने सुरुवात करता, नेमक्या त्याच महिन्यापासून तुमचे वाद्य अधिकाधिक अवघड होत जाते. त्यातच तीन वर्षांच्या जुन्या, गंजलेल्या तारा असतील, तर बोटांवर कानस फिरवल्यासारखे वाटेल. तारा बदलून घ्या. सर्वांत पातळ तार ०.०१२ इंचाची असलेला संच बसवलेला असेल, तर ०.०१० इंचाचा हलका संच मागा. आवाज थोडा बारीक होईल, पण बोटांना मोठाच दिलासा मिळेल.

हे काम जाणणारे लोक शोधायला तुम्हाला दूर जावे लागणार नाही. तुमच्यापासून दहाएक किलोमीटरवरच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तानपुरा घडवला जातो, आणि २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र तिथे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कारागीर घासून जी जवारी काढतो, तिने तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत राहते आणि म्हणूनच तो गुंजणारा भरीव नाद येतो. गिटारमध्ये असाच झणझणाट आला तर तो दोष मानतात. म्हणून गिटारची दुरुस्ती नेहमी करणारा कारागीरच विचारून घ्या आणि तारांची उंची कमी करून मानेच्या टोकाला तारा ज्यांत बसतात त्या खाचाही तपासायला सांगा. आठ हजारांच्या वाद्यावर या कामासाठी थोडे पैसे गेले, तरी ते नव्या गिटारीपेक्षा स्वस्तच पडतील.

या खाचांचा तुमच्या एफ कॉर्डशी थेट संबंध आहे. एफमध्ये पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात, आणि तो फ्रेट मानेच्या टोकाला अगदी लागून असल्यामुळे तार तिथे सर्वांत ताठ लागते. खाचा उंच असतील, तर तो ताठपणा दुप्पट जाणवतो. तेव्हा पहिल्या फ्रेटशी कुस्ती थांबवा. हाच आकार पाचव्या फ्रेटवर घेऊन पाहा. तिथे तो ए कॉर्ड होईल आणि पुष्कळ सोपा वाटेल. तर्जनी सपाट न टाकता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलती ठेवा, फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटवून. तिथे जमले की दर आठवड्याला एकेक फ्रेट खाली या. तोपर्यंत गाण्यात लहान एफ वापरा. तर्जनीने पहिल्या फ्रेटवर फक्त पातळ दोन तारा, मधल्या बोटाने तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिकेने चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी. जाड दोन तारा वाजवूच नयेत. ही पळवाट आहे असे कोणी म्हणाले तर त्याला म्हणू द्या.

आता वेळेचा प्रश्न. मी स्वतः पस्तिशीत पेटी शिकायला घेतली, तेव्हा दर रविवारी दोन तास बसत असे आणि सोमवार ते शनिवार त्या पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असत. वर्षभरात एक अलंकारही नीट बसला नाही. नंतर कधीतरी स्वयंपाकघराच्या दारातच पेटी उघडून ठेवली आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वाजवायचे असे ठरवले, तेव्हा कुठे हात चालू लागला. बोटांनी शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, हे मेंदूच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. रोज दहा मिनिटे वाजवणाऱ्याला आठवड्यात अशा सात रात्री मिळतात आणि रविवारी सत्तर मिनिटे वाजवणाऱ्याला एकच. म्हणून आता, मोकळ्या दिवसांत, तुम्ही अर्धा तास बसा, पण फेब्रुवारीपासून दहा मिनिटांवर या आणि ती दहा मिनिटे सोडू नका. दुकानातून आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसण्यापूर्वीची वेळ मला बरी वाटते, कारण जेवणानंतर तुमच्याने काही होणार नाही. हंगामात नवे काही शिकायचे नाही. सूर लावायचा, येणारे एक गाणे वाजवायचे, एका अडलेल्या जागेवर तीनचार मिनिटे घालवायची आणि गिटार खुंटीला लावायची. सौदे रात्रीपर्यंत लांबले आणि एखादा दिवस चुकला, तर तो भरून काढायलाही जाऊ नका.

या दहा मिनिटांची नोंद ठेवा, पण मिनिटांची नव्हे. रोजकीर्दीत जशी त्या दिवशीची नोंद त्याच दिवशी पडते, तशी एका वहीत एक ओळ लिहा: 'जी वरून सी वर येताना अनामिका उशिरा पोचते.' दुसऱ्या दिवशी काय करायचे, हा प्रश्नच उरत नाही. आणि जूनमध्ये ही वही उघडली की पुढे ओढायची शिल्लक समोर लिहिलेली असते. महिन्यातून एकदा, खतावणी करावी तसे, मिनिटभरात जी आणि सी यांची अदलाबदल किती वेळा स्वच्छ झाली ते मोजून तारखेसह लिहा. रोज मोजू नका, उगाच निराशा होते.

मिरजेच्या शेजारी राहण्याचा एक तोटाही आहे. जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे थोर गायक राहिले आणि जिथे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, त्या परिसरात 'रियाज' हा शब्द उच्चारला तरी माणूस दबून जातो. आठ तास बसणाऱ्या साधकांच्या गोष्टी ऐकून दहा मिनिटांची लाज वाटू लागते. तुम्ही ती मोजपट्टी वापरू नका. तुमच्यासाठी सांगलीतच दुसरी आणि अधिक योग्य परंपरा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केले, आणि तेव्हापासून नाटकवेड्या झालेल्या या गावात आजही कारकून, शिक्षक आणि दुकानदार दिवसभराचे काम संपवून तालमीला जातात. त्यांना रोज उत्साह असतो असे समजू नका. प्रयोगाची तारीख ठरलेली असते आणि आपण गेलो नाही तर समोरच्याचे वाक्य अडते, म्हणून ते जातात. तुमच्या सरावाला अशी तारीखच नाही, आणि म्हणून तीन वर्षांत एकही गाणे पूर्ण झालेले नाही. येती कोजागरी ठरवून टाका. गच्चीवर दूध आटत असताना घरच्यांनी गायचे आणि तुम्ही साथ करायची असे एकच गाणे निवडा, ज्याला तीन कॉर्ड पुरतील आणि जे तुमच्या पत्नीला तोंडपाठ असेल. गाणे त्यांनाच निवडू द्या. पहिलीत नाव घालणाऱ्याची चेष्टा करणारे माणूस स्वतःच वर्गात येऊन बसले, की चेष्टेचा सूर बदलतो.

व्हिडिओंबद्दल एवढेच सांगते, की पोहण्याचे व्हिडिओ पाहून कृष्णा ओलांडता येत नाही. वाजवण्यापूर्वी पाहू नका. वाजवून झाल्यावर हवे तितके पाहा. आणि गिटार विकण्याचा विचार कोजागरीनंतर करा, कारण आत्ता विकलीत तर तुम्ही ती बिघडलेल्या तारांसह आणि न तपासता विकाल.

शेवटी आबांविषयी. तुम्ही त्यांचे वाक्य तक्रार म्हणून लिहिले आहे, पण मी ते दोनदा वाचले. 'टणटण बंद कर' असे ते म्हणालेले नाहीत, 'लयीत कर' म्हणाले आहेत. चाळीस वर्षे टाळ वाजवलेल्या माणसाला चुकीचा सूर खपतो, चुकलेली मात्रा खपत नाही. बाजारातून किंवा मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देऊन लय धरणारे साधन, घेण्यापूर्वी त्यांना विचारून पाहा, की संध्याकाळी दहा मिनिटे टाळ नको, नुसती मांडीवर थाप धराल का. पहिल्या दिवशी गाणे वाजवू नका. जी चार मात्रा, सी चार मात्रा, मिनिटाला साठ थापा, एवढेच चालू द्या. बोट अडले तरी हात थांबवू नका, पुढच्या समेला, म्हणजे चारातल्या पहिल्या मात्रेला, गाठा. लय वाढवायची का आणि केव्हा, हे आबांना ठरवू द्या.

तुमची,
ताई