मुलाचं मत पत्रात कुठेच नाही

तुमचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायची चौकट) आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर. चुकीच्या स्पेलिंगवरूनही जवळची नावं सापडावीत म्हणून त्यानं पोस्टग्रेसचं ट्रायग्राम सिमिलॅरिटी फंक्शन वापरलं; तीन-तीन अक्षरांचे तुकडे ताडून दोन शब्द किती जवळचे ते हे सांगतं. परीक्षक म्हणाले, 'ओआरएम असताना असं करायचं नसतं,' आणि गुण कापले. (ओआरएम म्हणजे प्रोग्रामच्या कोडवरून डेटाबेससाठीच्या सूचना आपोआप तयार करणारा थर; जँगोत तो असतोच.) तेवढ्यावरून तुम्ही त्याला मॅनेजमेंटच्या क्लासला घातलंत, फीसुद्धा भरलीत.

गुणांचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते असं की एवढ्या लांबलचक पत्रात मुलगा काय म्हणतो याची एक ओळ नाही. 'रोज रात्री विचारतो, पुढे काय ठरवलंस,' असं मात्र लिहिलंत. अहो, ठरवून तर तुम्हीच बसलात, मग त्याला काय विचारता? ही उलटतपासणी झाली. 'हल्ली तो बोलतच नाही' या तक्रारीचं उत्तरही त्यातच आहे.

आता परीक्षकांचं. ओआरएम वापरलं की कोड कुठल्याही डेटाबेसवर जसाच्या तसा चालावा, हा समज फार पसरलाय. साधं नावं स्वल्पविराम देऊन जोडायचं काम घ्या. पोस्टग्रेसमध्ये त्याला स्ट्रिंग-ॲग, मायएसक्यूएलमध्ये ग्रुप-कॉन्कॅट, ओरॅकलमध्ये लिस्ट-ॲग. नावं वेगळी आहेत तशी वागणूकही वेगळी. मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये 1024 बाइटनंतर मजकूर तोडतं आणि क्वेरीला एरर न देता नुसती वॉर्निंग देतं. ओआरएम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून सोयही त्यांनीच ठेवलीय: एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या दुसऱ्या ओआरएममध्ये 'फंक'पुढे डेटाबेसच्या कुठल्याही फंक्शनचं नाव लिहिता येतं, जँगोचा फंक क्लास तर डेटाबेसनुसार वेगळं एसक्यूएल (डेटाबेसला सूचना द्यायची भाषा) देऊ शकतो. ट्रायग्रामचं फंक्शन जँगोसोबतच येतं, मुलानं काही चोरवाट काढलेली नाही. नाहीतर टेबलातल्या सगळ्या ओळी ओढून पायथनच्या लूपमध्ये नावं ताडत बसायचं. कापायचेच तर असल्या कामाचे गुण कापा! एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या ग्राहकांच्या वेगवेगळ्या डेटाबेसवर चालवायचं असेल, तेवढ्यापुरता परीक्षकांचा आक्षेप मी मानेन.

विचारायला हवं होतं ते वेगळंच. टेस्ट कशावर चालवतोस? एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालवत असेल तर हे फंक्शन तिथे नाहीच. तयार झालेलं एसक्यूएल छापून पाहिलंस का? एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) लावून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जातोय का ते बघितलंस? याची उत्तरं त्याला देता आली तर मुलगा योग्य जागी आहे.

मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा नोकरी करतानाही देता येते. क्लासची फी परत मिळते का तेवढं बघा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पाठवण्यापूर्वी वाचायला मागू नका.