सात हजार दोनशे अकरा

प्रश्न : ताई, आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. मुलगा सत्तावीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, स्वतःला समाजवादी म्हणवतो. २०२४ला त्याने गाझाच्या प्रश्नावरून ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना मत दिलं. आमचे हे नागरिकत्व मिळाल्यापासून डेमोक्रॅट. तेव्हापासून प्रत्येक थँक्सगिव्हिंगला "तुझ्यामुळे ट्रम्प आला" हे ठरलेलं. मुलगा म्हणतो, "तुमच्या पक्षाला माझं मत हवं होतं तर कमवायचं." पुढच्या वेळीही तो हेच करणार आहे. मी दोघांच्या मधे. कोणाचं बरोबर?

उत्तर : मधल्या माणसाला दोन्हीकडची बोलणी खावी लागतात, म्हणून आधी तुमची अर्धी सुटका करते. तुमच्या यजमानांचा हिशेब चुकलाय. २०२४ला पेनसिल्व्हेनियात ट्रम्प आणि हॅरिस यांच्यात सुमारे १ लाख २० हजार मतांचं अंतर होतं. स्टाइन यांना तिथे ३५ हजारही मिळाली नाहीत. ती सगळीच्या सगळी हॅरिस यांच्या पारड्यात टाकली तरी निकाल तोच राहतो. हे आकडे यजमानांना जेवणाआधी दाखवा, जेवताना नको.

पण चिरंजीवांनी लगेच हुरळून जाऊ नये. २०१६ला याच राज्यात ट्रम्प जिंकले ते ४४ हजार मतांनी, आणि स्टाइन यांना पडली होती जवळजवळ ५० हजार. आपण २०१६मध्ये आहोत की २०२४मध्ये, हे मतदानाच्या रांगेत कुणालाच कळत नाही.

मला तर मुळीच कळलं नव्हतं. २००० साली मी न्यू हॅम्पशायरात, नाशुआला राहत होते. सिटिझन होऊन दीड वर्ष झालं होतं. राष्ट्राध्यक्षपदासाठीचं माझं पहिलंवहिलं मत मी ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांना दिलं, डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना नाही. कारणं होती. क्लिंटन अध्यक्ष आणि गोर उपाध्यक्ष असलेल्या आठ वर्षांत नाफ्टा (मेक्सिको-कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार) आला, १९९६ला गरीब आयांची मदत कापणारा कायदा आला, १९९९ला बँकांवरचं जुनं बंधन (लोकांच्या ठेवी सांभाळणारी बँक वेगळी, शेअरबाजारात उतरणारी वेगळी) काढून टाकलं. तिन्हींवर सही डेमोक्रॅट अध्यक्षाचीच. त्यातून एक व्यवहारी मुद्दाही होता : देशभरात ५ टक्के मतं पडली की पुढच्या वेळी पक्षाला सरकारी निवडणूक निधी मिळतो. म्हणजे मत वाया जात नाही, गुंतवलं जातं. "गुंतवणूक" हा शब्द मी तेव्हा मैत्रिणींना भलत्याच ऐटीत ऐकवला होता.

नेडर यांना देशभरात ३ टक्केही मिळाले नाहीत. रिपब्लिकन उमेदवार बुश यांनी न्यू हॅम्पशायर ७,२११ मतांनी जिंकलं. तिथली नेडर यांची मतं २२,१९८.

बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. तिथली मोजणी, कोर्टकचेऱ्या, अर्धवट भोकं पडलेल्या मतपत्रिका भिंगातून बघणारे अधिकारी, महिनाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आमच्या राज्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बुश यांना इलेक्टोरल कॉलेजात (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरलेली मतं, बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी) २७१ मतं मिळाली, लागत होती २७०. न्यू हॅम्पशायरची ४ वजा करा, फ्लोरिडाला हात न लावता ते २६७वर येतात. हे गणित मी डिसेंबरात विजेच्या बिलाच्या पाकिटामागे केलं. पाकीट पुढे बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये होतं.

नेडरवाले सगळेच गोर यांच्याकडे वळले नसते. काही घरी बसले असते, काही बुश यांच्याकडेही गेले असते. खरं आहे, आणि मी ते स्वतःला पुष्कळदा बजावलंय. पण माझ्यापुरतं मला पक्कं माहीत आहे. नेडर उभे नसते तर मी नाक मुरडत का होईना, गोर यांनाच मत दिलं असतं. त्या २२ हजारांतल्या एका मताबद्दल तरी अंदाज बांधायची गरज नाही.

तरीही तुमच्या यजमानांच्या बाजूला जाऊन बसायला मी तयार नाही. मत कुणाच्या मालकीचं नसतं, त्यामुळे ते "चोरलं" असं कुणी म्हणू नये. माझा राग निराळ्या गोष्टीचा आहे. मी ज्यासाठी मत दिलं तेही उभं राहिलं नाही. २०००मध्ये ग्रीन पक्षाला २८ लाखांवर मतं होती, २००४ला त्यांच्या उमेदवाराला देशभरात सुमारे १ लाख २० हजार. माझी गुंतवणूक चार वर्षांत बुडाली.

मुलगा वाचणारा दिसतो, तेव्हा तो तुम्हाला युजीन डेब्ज यांचं उदाहरण देईल. द्यावंच. १९२०मध्ये हा समाजवादी नेता युद्धविरोधी भाषणाबद्दल अटलांटाच्या तुरुंगात होता, तिथूनच निवडणूक लढला आणि ९ लाखांवर मतं घेतली. पण त्याला पुढचं पानही उलटायला सांगा. १९३२ला समाजवादी पक्षाच्या नॉर्मन थॉमस यांना पावणेनऊ लाखांच्या वर मतं होती. मग रूझवेल्ट यांनी पेन्शन, बेकारभत्ता, युनियनचा हक्क असं बरंच काही कायद्यात आणलं, आणि १९३६ला थॉमस दोन लाखांच्याही खाली आले. मागण्या मान्य झाल्या, पक्ष संपत आला. याला विजय म्हणायचं की पराभव, यावर घरात वाद घाला. तो ट्रम्पच्या वादापेक्षा जास्त सकस होईल.

आणि १९४८ तर मी वर्गात शिकवायला असते तर फळ्यावरून पुसूच दिलं नसतं. त्या वर्षी दोन तिसरे पक्ष होते. डावीकडे हेन्री वॉलेस, वर्णभेदाच्या बाजूने स्ट्रॉम थर्मंड. दोघांनाही साधारण सव्वादोन-अडीच टक्के मतं. थर्मंड यांना इलेक्टोरल कॉलेजात ३९, वॉलेस यांना शून्य. थर्मंड यांची मतं दक्षिणेत एकगठ्ठा होती, वॉलेस यांची कुठल्याच राज्यात पहिल्या क्रमांकाला पुरली नाहीत. आणि जवळजवळ प्रत्येक राज्यात पहिल्या आलेल्यालाच सगळं मिळतं. तिथे तुमच्या मुलाच्या निष्ठेला काय किंमत?

मग समाजवाद्याने करायचं काय? बर्नी सँडर्स यांनी काय केलं ते बघा. सत्तरच्या दशकात ते व्हरमाँटमध्ये एका छोट्या तिसऱ्या पक्षाकडून चारदा उभे राहिले, चारदा पडले. १९८१ला अपक्ष म्हणून बर्लिंग्टनचे महापौर झाले, १० मतांनी. पण राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरताना हा जन्माचा अपक्ष डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीतच (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात) उतरला. २०१६ला तिथे त्यांना १ कोटी ३० लाखांच्या आसपास मतं पडली. त्याच वर्षी स्टाइन यांना नोव्हेंबरात साडेचौदा लाख. सँडर्स हरले, पक्षाची यंत्रणा त्यांच्याशी प्रेमाने वागली असंही नाही. पण २०२५ला न्यू यॉर्कमध्ये ममदानी महापौर झाले ते याच दारातून, आधी जूनची प्रायमरी जिंकून. समाजवादी हे बिरूद त्यांनी लपवलं नव्हतं.

तुमच्या राज्यात ही प्रायमरी बंद पद्धतीची आहे. डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, आणि ती नोंद पंधरा दिवस आधी करावी लागते. म्हणून मुलाला मत कुणाला देणार हे विचारू नका. त्याच्या मतदार नोंदणीत पक्षाच्या रकान्यात काय आहे, ते विचारा. "ग्रीन" असेल तर जिथे त्याचा आवाज सगळ्यात मोठा ऐकू गेला असता, त्या दिवशी तो घरी बसलेला असतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. आमचं राज्य डेमोक्रॅट्सचंच. इथे तिसऱ्या पक्षाला मत दिलं तर कुणाचंच नुकसान नाही ना?

उत्तर : २०२०ला तुमच्याकडे बायडन सुमारे १६ टक्क्यांनी पुढे होते, २०२४ला हॅरिस सहाच्या आत. तेव्हा "आमचं राज्य" जरा जपून म्हणा. पण एरवी तुमचं म्हणणं मला पटतं. २०००मध्ये तर मतांची अदलाबदल करणाऱ्या वेबसाइटच निघाल्या होत्या : चुरशीच्या राज्यातल्या नेडरवाल्याने गोर यांना मत द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात निश्चिंत राज्यातल्या गोरवाल्याने नेडर यांना. माझी एक मैत्रीण नाशुआपासून तासाभरावर, बॉस्टनला राहायची. तिने मॅसेच्युसेट्समध्ये गोर यांना मत दिलं, जिथे ते २७ टक्क्यांनी जिंकले. आम्ही आठवड्यातून दोनदा फोनवर बोलत होतो. अदलाबदलीचा विषय एकदाही निघाला नाही.